ठकूचा डावा पाय

दुसरा तास संपत आला होता आणि मी स्टाफरूममध्ये घटक चाचणीचे पेपर तपासत बसले होते. फोन वाजला, पडद्यावर पद्माचं नाव. लाल पेन खाली न ठेवताच मी फोन कानाला लावला आणि म्हणाले, "बोल, आज कसं उभं राहायचंय?" गेली बारा-तेरा वर्षं शाळेच्या वेळेत तिचा फोन आला की तो याचसाठी असायचा. कुणीतरी झाडावरून उतरतंय, कुणी विहिरीत वाकून बघतंय, कुणी रागानं पाठ फिरवून चाललंय... संध्याकाळी ये, तसं उभं राहून दाखव, मी फोटो काढते. पलीकडून तिच्या मुलीचा, रम्याचा आवाज आला. "मावशी, मी बोलतेय. आई गेली." सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली आणि रिक्षा दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी काय बोलले ते आठवत नाही. पुढचा तास सातवी ब चा होता, तो घेतला की नाही तेही आठवत नाही. समोरच्या पेपरवर माझ्या पेनाची एक लांब लाल रेघ उमटली होती, उत्तर बरोबर असताना. त्या मुलीला दोन दिवसांनी बोलावून मी सांगितलं, की बाळ, ही रेघ तुझ्यासाठी नव्हती.

आता सहा आठवडे झाले. भेटायला येणारे लोक मला विचारतात, तुमची मैत्रीण नेमकं करायची काय हो? चित्रं काढायची म्हटलं की पुढचा प्रश्न, कुठल्या शाळेत होत्या? कॉम्प्युटरवर काढायची म्हटलं की चेहऱ्यावर एक 'हं' येतो, म्हणजे मग तसं काही विशेष नाही. तिच्या हयातीत मी या 'हं'ला पुरेसं उत्तर दिलं नाही. ती स्वतःही देत नसे, तिला काम असायचं. म्हणून आता नीट सांगते.

भवानी पेठेत आमची घरं एका गल्लीच्या दोन टोकांना. माझे वडील कचेरीत कारकून. तिच्या घरी तेलुगू बोलायचे, आणि तिचे वडील, ज्यांना ती नान्ना म्हणायची, चादरींच्या नक्ष्या काढायचे. मोठा ग्राफ पेपर पाटावर पसरून एकेक चौकोन भरायचा. भरलेला चौकोन म्हणजे मागावर तिथला धागा उचलायचा, रिकामा म्हणजे नाही. मोर असो की कमळ, सगळं हजारो चौकोनांतून उभं राहायचं. चौथीत असल्यापासून पद्मा त्यांच्या शेजारी बसून लाल शाईनं चौकोन भरत असे. मीही एकदा भरायला बसले आणि पाच मिनिटांत रांग चुकवली. नान्नांनी रागावून बोलल्याचं आठवत नाही. त्यांनी फक्त तो कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "एक चौकोन चुकला की मोर आंधळा होतो, बेटा." त्या दिवशी मी तो नाद सोडला. पद्मानं सोडला नाही.

लग्नानंतर ती एका कारखान्याच्या डिझाइन विभागात लागली. तोवर ग्राफ पेपर जाऊन कॉम्प्युटर आला होता, पण चौकोन तेच. पंधरा-सोळा वर्षं तिनं टॉवेलांच्या आणि चादरींच्या नक्ष्या काढल्या. मग तो कारखाना बंद झाला आणि एकेचाळिसाव्या वर्षी ती घरी बसली. तिचे यजमान, व्यंकटेशभावजी, दुसऱ्या एका टॉवेलच्या कारखान्यात होते, त्यामुळे चूल पेटत होती. पण पद्मा रिकामी बसलेली मी तोवर पाहिली नव्हती. महिनाभर तिनं घरातले सगळे डबे घासले. नंतर रम्याच्या कॉलेजसाठी घेतलेला लॅपटॉप दुपारी मोकळा असतो हे तिच्या लक्षात आलं. एके दिवशी मी गेले तर पडद्यावर एक टक्कल पडलेला राखाडी माणूस हात पसरून उभा होता आणि पद्मा त्याचा गुडघा वाकवण्याचा प्रयत्न करत होती. गुडघा उलटा वळत होता. "शैले," ती मान वर न करता म्हणाली, "तुला इंग्रजी येतं की. हा माणूस काय बोलतोय ते सांग जरा." पडद्याच्या कोपऱ्यात कुणीतरी परदेशी तरुण भराभर समजावून सांगत होता. मी मराठीची शिक्षिका, माझं इंग्रजी बेताचंच. तरीही डिक्शनरी घेऊन आम्ही दोघी दोन वर्षं दुपारी, माझी शाळा सुटली की, बसलो. तो 'मेश' म्हणाला की मी म्हणायचे, मेष म्हणजे मेंढा. ती म्हणायची, अगं जाळी, या पुतळ्याचं अंग जाळीनं बनलेलं असतं, एकेक चौकोन... आणि मग तिला हसू यायचं. पुन्हा चौकोनच!

ती काय करायची ते सोप्या शब्दांत असं. कुणी गोष्ट पाठवायचं, त्यातलं एखादं पात्र तिनं उभं करायचं. आधी ती वहीत पेन्सिलीनं दहा-वीस ओबडधोबड आकृत्या काढायची. त्यातली एक निवडली की पडद्यावरचा पुतळा तसा उभा करायची. त्याची उंची, वय, पोट, खांदे सगळं बदलता यायचं, सांधे वाकवता यायचे आणि हवा तिथून उजेड पाडता यायचा. त्यावरून कळायचं की हाताची सावली गालावर कुठे पडेल, वरून पाहिलं तर पाय किती आखूड दिसतील. मग खऱ्या माणसांचे फोटो. त्यांना ती रेफरन्स म्हणायची. लुगड्याचा घोळ, कष्टाचे हात, झिजलेली चप्पल. हे सगळं शेजारी मांडून ती लॅपटॉपला जोडलेल्या काळ्या पाटीवर तिचं खास पेन फिरवत पहिल्या रेघेपासून चित्र काढायची. एका लग्नात एक गृहस्थ म्हणाले, म्हणजे पुतळ्यावरून गिरवता होय. पद्मानं ताटातली शेंगाचटणी संपवली आणि शांतपणे म्हणाली, "पुतळा सावली सांगतो. राग आला की माणूस कसा उभा राहतो, ते त्याला माहीत नसतं." त्यासाठी मी होते.

सोलापूरच्या उन्हात तिच्या गच्चीवर मी किती रूपं घेतली असतील! पोछ्याची काठी तलवार म्हणून उगारली आहे, उशी पोटाला बांधून सावकार झाले आहे, पाटावर उभी राहून बुरुजावरून उडी मारायच्या बेतात आहे. समोरच्या घरातली माणसं आधी बघायची, मग त्यांनी बघणंही सोडलं. पद्मा कामात असली की मैत्री वगैरे विसरायची. हल्लीस कशाला, मान खाली, खांदा पाड, अजून पाड. चहा देते म्हणायची आणि विसरायची. एकदा लहान मुलांच्या एका मासिकात तिची हडळ छापून आली. मासिक आमच्या शाळेतही येत असे. पाचवीतली एक मुलगी ते घेऊन माझ्याकडे आली आणि भीत भीत म्हणाली, "बाई, ही तुमच्यासारखी उभी राहते." खरंच. कमरेवर डावा हात, उजवं कोपर जरा बाहेर, मान तिरकी, फळ्यापाशी मी उभी राहते तशीच. मी पद्माशी आठवडाभर बोलले नाही. मग ते मासिक काढून पुन्हा पाहिलं... तीस वर्षं वर्गात उभं राहून मला माझी जी गोष्ट माहीत नव्हती, ती तिनं बघून ठेवली होती. मी स्वतःच तिच्याकडे चहाला गेले. त्या दिवशी तिनं तो विसरला नाही.

तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका प्रकाशनाकडून तिला मुलांचं एक अख्खं पुस्तक मिळालं. आपल्या दोनशे मेंढ्या चेहऱ्यानं ओळखणाऱ्या ठकू नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळ बाईची गोष्ट. पद्मानं दोन आठवड्यांत ठकू उभी केली. मला ती छानच वाटली, हातात काठी, कडेवर कोकरू, तोंडभर हसू. पद्मा मात्र तिच्याकडे बघून नुसती मान हलवत राहिली. तू तरी मेंढी हातात धरली आहेस का, असं तिनं मला विचारलं. मी कधी धरणार? "मीही नाही," ती म्हणाली. "मग ही ठकू आपल्या दोघींना पटून काय उपयोग?"

आमच्या शाळेतले शिपाई मामा मोहोळकडचे. त्यांच्या शेतात त्या वर्षी सांगोल्याकडच्या मेंढपाळांची मेंढरं बसली होती, खतासाठी बसवतात तशी. एका रविवारी कडक भाकरीचा डबा घेऊन आम्ही तिघं एसटीनं गेलो. तिथं आम्हाला चिंगाबाई भेटल्या. वय त्यांनाही माहीत नव्हतं, सत्तरीच्या पुढेच असणार. अंगानं किडकिडीत, डोक्यावर घोंगड्याची खोळ, कळपाभोवती लावायच्या जाळीची एक फाटकी बाजू त्या बसल्या बसल्या विणत होत्या. मामांनी ओळख करून दिली, या बाई चित्रं काढतात म्हणून सांगितलं. फोटू काढू का, असं पद्मानं विचारलं. आधी काय काढलंय ते दाखव, त्या म्हणाल्या.

पद्मानं लॅपटॉप उघडून ठकू दाखवली. चिंगाबाईंनी उन्हासाठी हात आडवा धरून बराच वेळ बघितलं. आमचे शिपाई मामा उगीचच म्हणाले, झकास हाय की. चिंगाबाई म्हणाल्या, "ही बाई कदी चाललीच न्हाय की."

मला पद्मासाठी वाईट वाटलं. पण पद्माचा चेहरा... नान्नांनी एखादा चौकोन चुकलेला दाखवला की तिचा चेहरा असाच व्हायचा, खाली बघणारा आणि आतून लकाकणारा. ती म्हणाली, "कसं कळलं, आजी?"

"दिसभर मेंढरामागं ऱ्हायचं तर कुणी असं छाती काढून उबं ऱ्हातंय व्हय? अंग काठीवर टाकायचं. आन् कोकराला लेकरावानी कडंवर घेत न्हाईत. पोट दबलं की ते दूध टाकतंय. ये हिकडं."

ते "ये हिकडं" पद्मासाठी होतं. पुढचे दोन तास चिंगाबाईंनी तिला उभं राहायला शिकवलं. जिनं नऊ-दहा वर्षं मला गच्चीवर उभं केलं, तिला एक म्हातारी काठीनं टोचून टोचून सांगत होती, हितं वाक, तितं नको, पाय सैल सोड. मी खाली बसून मनातल्या मनात फार खूश झाले होते, हे कबूल करते. मग एक खरंखुरं कोकरू पद्माच्या हातात आलं. पुढचे पाय असे धरायचे, बूड तळहातावर घ्यायचं, तोंड कोपराच्या खळीत. पहिल्यांदा ते निसटलं. दुसऱ्यांदा राहिलं. फोटो मी काढले, कारण फोटो काढणारीचे हात गुंतले होते.

निघताना पद्मानं एक गोष्ट विचारली, जी माझ्या डोळ्यांना दिसली नव्हती. तुम्ही डाव्या पायावर भार का देत नाही? चिंगाबाईंनी लुगडं जरासं वर घेऊन गुडघा दाखवला. लग्न होऊन आल्या त्याच वर्षी एडक्यानं धडक दिली होती. दवाखाना लांब होता आणि कळप पुढे निघाला होता. कळपामागं चालता चालताच तो जसा जमेल तसा जुळला. "दुखतंय का अजून?" पद्मानं विचारलं. "दुकंल की. पर मेंढराला काय त्येचं," असं म्हणून त्या पुन्हा जाळी विणायला बसल्या.

घरी येऊन पद्मानं आधीची सगळी चित्रं बाजूला टाकली. पुतळ्याचा डावा गुडघा तिनं असा बसवला की पुतळ्याचं सगळं अंगच बदललं. उजवी कंबर वर आली, डावा खांदा खाली गेला, मान तोल सांभाळायला कलली. गोष्टीत गुडघ्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, गोष्ट लिहिणारीला माहीत नसेल, ठकूला तर माहीत आहे ना. पाच महिने ती त्या पुस्तकात होती. तोंडभर हसू गेलं. त्या जागी डोळ्यांच्या कडेला काहीतरी आलं, ज्याला हसू म्हणावं की ऊन लागतंय म्हणावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुस्तक छपाईला जायच्या बेतात असताना प्रकाशनानं त्यातलं एक चित्र लोकांना दाखवायला म्हणून इंटरनेटवर टाकलं. दोन दिवसांत कुणीतरी खाली लिहिलं, की हे माणसानं काढलेलं नाही, एआयकडून काढून घेतलंय. मग दहा जणांनी तेच लिहिलं. सोलापूरची एक बाई, वय पन्नाशीच्या पुढे, कुठल्या आर्ट स्कूलमध्ये शिकलेली नाही, ती असं काढेलच कशी, असाही सूर होता. संपादकबाईंचा फोन आला. बोलणं सभ्य होतं. आमचा तुमच्यावर विश्वास आहे, पण चौकशी होईपर्यंत छपाई थांबवली आहे, म्हणाल्या.

पद्मा दोन दिवस गच्चीवरच्या आपल्या कामाच्या खोलीत गेली नाही. मी गेले तेव्हा ती खाली तांदूळ निवडत बसली होती. मी तावातावानं बोलत होते, त्या लोकांना मी काय काय लिहिणार आहे ते सांगत होते. ती म्हणाली, "शैले, हे चोरी केलीस म्हणताहेत. चित्र जमलं नाही म्हणाले असते तर चाललं असतं." एवढंच. तिच्या आवाजात पाणी असं मी त्या एकदाच ऐकलं. मग ताट बाजूला सारून तिनं विचारलं, "गुरुवारी सुट्टी मिळेल का तुला? पुण्याला जायचंय. तुला उभं राहावं लागेल."

सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. पिशवीत लॅपटॉप, पाटी, पेन्सिलीच्या वह्या आणि भाकरी. केम स्टेशनच्या पुढे एका माळावर मेंढरं दिसली तेव्हा ती खिडकीला लागून बघत राहिली. कुणी कसं उभं आहे ते. प्रकाशनाच्या कचेरीत संपादकबाई होत्या आणि चित्रांचं काम बघणारा एक तरुण होता. पद्मानं नमस्कार केला आणि कुणी काही विचारायच्या आत सगळं टेबलावर मांडायला लागली. पेन्सिलीची पहिली ठकू. उघडा राखाडी पुतळा. चिंगाबाईंचे फोटो. मग माझे फोटो! गाउनवर ओढणी, खांद्यावर चादरीची खोळ, हातात पोछ्याची काठी. तो तरुण फोटोकडे बघे, माझ्याकडे बघे, आणि पुन्हा फोटोकडे. मी इस्त्रीच्या सुती साडीत शक्य तितकी ताठ बसले.

हे सगळं पाहून संपादकबाई म्हणाल्याच की पुरे, आमची खात्री पटली. पद्मा म्हणाली, "नाही. पुस्तकात नाही असं काहीतरी सांगा. मी इथं बसून काढते." त्या तरुणानं थोडा विचार केला आणि म्हणाला, ठकू ओढा ओलांडते आहे. पद्मानं माझ्याकडे बघितलं. मी उठले. कचेरीतली एक छत्री काठी म्हणून घेतली, डब्याची पिशवी कोकरू म्हणून डाव्या हातावर धरली, कोपराच्या खळीत तोंड, आणि दोन खुर्च्यांच्या मधला ओढा ओलांडायला लागले. माझ्या पन्नाशीच्या वयात, पुण्यातल्या अनोळखी माणसांसमोर, मला तसूभरही लाज वाटली नाही. तिनं चार फोटो काढले, पुतळा वाकवला, ओढ्यातून उजेड वर परततो म्हणून पडद्यावरच पुतळ्याला खालून एक दिवा लावला, आणि मग पेन हातात घेतलं. सगळे दोन-अडीच तास जागचे हलले नाहीत. रेघ पुढे जात होती, मागे येत होती, पुसली जात होती. चुकत होती, मुख्य म्हणजे. शेवटी ओढ्यात ठकू उभी राहिली. उजवा पाय पाण्यात रोवलेला आणि डावा दगडावर नुसता टेकलेला.

त्या तरुणाचं लक्ष तिथंच गेलं. हिचा डावा पाय असा का, त्यानं विचारलं. पद्मानं एडक्याची हकिगत सांगितली. तो उठला, पुस्तकाची सगळी पानं काढून टेबलावर ओळीनं मांडली आणि एकेका पानावर वाकून बघायला लागला. ठकू डोंगर चढतेय, ठकू काठीवर रेललीय, ठकू लांडग्यावर ओरडतेय, अगदी दूरवर बोटाएवढी ठकू कळपामागं चाललीय. सगळीकडे डावा पाय हलका. तो सरळ उभा राहिला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मॅडम, हे पाच महिने माझ्या हाताखालून गेलं आणि मला दिसलं नाही, म्हणाला. संपादकबाईंनी माफी मागितली. त्यावर पद्मा जे बोलली ते मी विसरणार नाही. "विचारलंत ते बरंच केलंत. विचारायलाच पाहिजे. फक्त छपाई थांबवायच्या आधी विचारायचं होतं."

ओढ्यातलं ते चित्र पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गेलं. गाडीत परत येताना तिनं भाकरी मोडली, अर्धी मला दिली आणि दौंड यायच्या आत खिडकीला डोकं टेकून झोपली. मी जागी होते. समोर बसलेल्या बाईंना मी विनाकारण सांगितलं, की या माझ्या मैत्रीण, या चित्रकार आहेत.

पुस्तक आलं तेव्हा चिंगाबाईंचा कळप कुठे आहे ते शोधायला मामांना महिना लागला. शेवटी मंगळवेढ्याच्या वाटेवर एका रानात सापडला. पहिल्या पानावर पद्मानं प्रकाशनाकडून आग्रहानं एक ओळ छापून घेतली होती, ती मी वाचून दाखवली: 'ठकूला उभं राहायला चिंगाबाईंनी शिकवलं.' त्यांनी आपलं नाव पुन्हा वाचायला लावलं. मग पानं उलटत गेल्या. कोकरू कसं धरलंय ते बघितलं, काठी बघितली, आणि एका चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो गुडगा माजाच हाय." आणखी जरा वेळानं विचारलं, ही मीच आहे हे कुणाला कळेल का? पद्मा खोटं बोलणारी नव्हती. ती म्हणाली, "शहरातल्या पोरांना नाही कळणार, आजी. मेंढरं राखणाऱ्याला कळेल."

"मग झालं की," चिंगाबाई म्हणाल्या, आणि पुस्तक घोंगड्यात गुंडाळून ठेवलं.

त्यानंतरची दोन वर्षं पद्माकडे कामाची रीघ होती. नातेवाइकांनी तिला दगदग कमी कर म्हटलं, मीही म्हटलं. आता वाटतं, बरं झालं तिनं ऐकलं नाही. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी तिनं एक टांगेवाला पुरा केला होता. त्याचे हात व्यंकटेशभावजींचे आहेत. पडद्यावर ते हात दिसले तेव्हा भावजी बाहेर जाऊन बसले, आणि परत आले तेव्हा मला म्हणाले, "माझ्या हाताकडं ती कधी बघत असेल असं वाटलं नव्हतं."

गेल्या रविवारी रम्यानं मला वर गच्चीवरच्या खोलीत बोलावलं. तिला नोकरीवर परत जायचं आहे, काय ठेवायचं आणि काय द्यायचं ते मावशी तू सांग, म्हणाली. खोलीत तसं फार काही नाही. टेबल, लाकडी खुर्ची, पाटी, वह्यांची चळत. आणि टेबलाच्या मागच्या भिंतीवर एक छोटा चौकोनी आरसा, साखळीनं खिळ्याला अडकवलेला. रम्या म्हणाली, आई त्यात बघून तोंडं करायची, भीतीचं, हट्टाचं, गुपित लपवणाऱ्या माणसाचं. मला हे ठाऊकच नव्हतं. माझ्यासमोर तिनं कधी असं केलं नाही. उभं राहायला मी होते, चेहरे मात्र ती एकटी असताना स्वतःवर करून बघत होती. म्हणजे एवढ्या सगळ्या पात्रांचे, त्या हडळीचे, लांडग्यावर ओरडणाऱ्या ठकूचे चेहरे, कुठे ना कुठे तिचे होते... मी तिच्या खुर्चीत बसले. पद्मा बुटकी, मी उंच. आरसा तिच्या मापानं लावलेला, त्यामुळे मला त्यात माझी फक्त हनुवटी आणि गळ्यातले मणी दिसत होते. रम्यानं ते पाहिलं आणि साखळीला हात घातला. "वर घेऊ का, मावशी?"

"राहू दे गं," मी म्हणाले. "मी वाकते."